संज्ञापनशास्त्राचं एम.ए.: वर्ग पुण्यात, अभ्यास तासगावात

मी संज्ञापनशास्त्रात, म्हणजे माध्यमं आणि लोक यांच्यातल्या संवादाच्या अभ्यासात, एम.ए. केलं. त्यामुळे प्रवेशाचे दिवस आले की गावाकडच्या ओळखीतल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, हे केलं की चॅनेलवर लागता येतं का?" लागता येतं, पण हा रस्ता लांबचा आहे. बातमीदारीच करायची पक्की असेल तर सरळ वृत्तपत्रविद्येकडे जा. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तो विभाग १९६४ पासून आहे. संज्ञापनशास्त्रात बातमी लिहायला थोडंफार शिकवतात, पण खरा अभ्यास त्यापुढचा असतो. ती कोण वाचतं, कितपत खरी मानतं, कुणाला सांगतं आणि मग काय करतं, हे शोधायचं असतं. हे प्रश्न ज्यांना मनापासून पडतात त्यांनी जरूर यावं.

विभाग निवडताना पदवीच्या नावावर जाऊ नका, ते विद्यापीठागणिक बदलतं. संशोधन पद्धतीचे पेपर किती आहेत, शेवटच्या वर्षी प्रबंध करावा लागतो का, हे अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये पाहा. प्रबंध नसेल तर माझ्या मते या पदवीतला निम्मा जीवच गेला.

पहिलं सत्र सिद्धांतांचं. मराठी माध्यमातून आलेल्यांना इथे धडकी भरते, कारण वाचन जवळजवळ सगळं इंग्रजी. लेख दोनदा वाचा. पहिल्यांदा शब्दकोश न उघडता, दुसऱ्यांदा प्रत्येक परिच्छेदाचं एक मराठी वाक्य वहीत उतरवत. आणि प्रत्येक सिद्धांताला आपल्या भागातलं उदाहरण शोधा. तोवर तो पाठ होतो, कळत नाही. उदाहरणार्थ, मॅककॉम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी १९६८च्या अमेरिकन निवडणुकीवेळी तिथल्या चॅपेल हिल गावात अभ्यास केला आणि तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमं ज्या विषयांना जागा देतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात, हा त्याचा गाभा. आठवडाभर तीन मराठी दैनिकांची पहिली पानं समोर ठेवून विषय मोजा, आणि मग घरच्यांना विचारा की सध्या मोठा प्रश्न कोणता. एवढं केलंत तर परीक्षेत हात थांबणार नाही.

समाजशास्त्रज्ञ लाझार्सफेल्ड यांचा द्विस्तरीय प्रवाहाचा सिद्धांत मला असाच उमगला. १९४०च्या अमेरिकन निवडणुकीत ओहायो राज्यातल्या मतदारांना विचारून त्यांच्या गटाने मांडलं की माध्यमांतला संदेश आधी काही जाणत्या माणसांपर्यंत जातो आणि त्यांच्यामार्फत इतरांपर्यंत. आमच्या तासगाव भागात ही जाणती माणसं नावानिशी दाखवता येतात. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की दावण्या या बुरशीच्या रोगाची भीती असते. फवारणीचा सल्ला मोबाइलवर सगळ्यांनाच येतो, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचासुद्धा. तरी पंप पाठीवर घेण्याआधी माणूस कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला नाहीतर शेजारच्या जुन्या बागायतदाराला विचारतो. संदेश पोचणं आणि पटणं यांत एवढं अंतर का, हाच माझ्या प्रबंधाचा विषय झाला.

या विषयाला पुण्यातच मोठी परंपरा आहे हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. तुम्ही आधीच वाचा. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत माणसं एकत्र बसून आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकायची, त्यावर बोलायची, मग काय करायचं ते ठरवायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचं मूल्यमापन केलं. मंडळं असलेल्या गावांची तुलना नुसता रेडिओ असलेल्या आणि रेडिओच नसलेल्या गावांशी केली, आणि मंडळांच्या गावांत शेतीची माहिती स्पष्टपणे जास्त वाढलेली दिसली. नुसतं ऐकण्यापेक्षा ऐकून चर्चा केल्याने फरक पडतो, हे इतक्या नेटकेपणाने दाखवणारं काम आपल्या मातीत झालं याचा मला अभिमान वाटतो.

आता प्रत्यक्ष फिरण्याबद्दल. विद्यापीठाचं वेळापत्रक आणि लोकांचं वेळापत्रक जुळत नाही. चौथं सत्र जानेवारीत सुरू होतं आणि तेव्हाच द्राक्षाची तोडणी असते. बागेत व्यापारी उभा असताना कुणी तुमच्या प्रश्नावलीकडे बघणार नाही, आणि बघूही नये. म्हणून विषय तिसऱ्या सत्रात पक्का करा आणि माणसं मोकळी असतील तेव्हा मुलाखती उरका. संमतीपत्रावर सही मागितली की वयस्कर माणसं सावध होतात. सही म्हणजे कर्ज किंवा जमिनीचं काहीतरी, हा धसका खरा आहे. मजकूर मोठ्याने वाचून दाखवा. तरी नको वाटलं तर तोंडी संमती रेकॉर्ड करता येईल का, हे मार्गदर्शकांना आधीच विचारून ठेवा. बायकांशी वेगळं बोला. बागेतली घडांची विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं) त्यांच्या हातून होतं, पण पुरुष शेजारी बसले की उत्तरं तेच देतात. आणि मुलाखत त्याच रात्री उतरवायला घ्या. तासाभराचं बोलणं लिहून काढायला चार-पाच तास सहज जातात, साठवून ठेवलं तर ढीग होतो.

जुने पीएच.डी. प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात फुकट मिळतात. संदर्भांची नोंद ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर पहिल्या महिन्यापासून वापरा. बाकी सॉफ्टवेअर गरज पडेल तसं येतं.

नोकरीचं विचाराल तर प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटमध्ये विषय जनसंज्ञापन आणि पत्रकारिता. पहिल्या पेपरात ५० प्रश्न, दुसऱ्यात १००, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. आरोग्य, पाणी, शेती यांवर काम करणाऱ्या संस्थांना गावात जाऊन ऐकणारी आणि ऐकलेलं नीट मांडणारी माणसं लागतात. बाजार संशोधनात आणि ॲप बनवणाऱ्या कंपन्यांतही वापरकर्त्यांच्या मुलाखती घेणारे लागतात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, ते घरी आधीच सांगून ठेवा. मुलाखतीला जाताना प्रबंधाचा दोन पानी सारांश मराठीत आणि इंग्रजीत सोबत न्या. मला पहिली नोकरी मिळाली तेव्हा समोरच्या बाईंनी गुणपत्रिका बाजूला ठेवली आणि दुकानदारांबद्दलच विचारत राहिल्या.