नेक्सस पोस्टग्रेसला जोडताना माझ्या दोन रात्री गेल्या

नेक्सस म्हणजे टीमच्या सॉफ्टवेअर फायली साठवणारा सर्व्हर, पोस्टग्रेस म्हणजे डेटाबेस; नेक्ससची माहिती पोस्टग्रेसमध्ये ठेवायची होती. काम बघायला गेलं तर तीन ओळींचं. नेक्ससच्या डेटा डिरेक्टरीत एटसी, त्यात फॅब्रिक, तिथे स्टोअरची प्रॉपर्टीज फाइल. जेडीबीसी यूआरएल (डेटाबेसचा पत्ता), युजरनेम, पासवर्ड टाका, रीस्टार्ट करा. माझी सर्व्हिस उठायची आणि लगेच पडायची. लॉगमध्ये एकच ओळ: परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक. स्कीमा म्हणजे डेटाबेसमधला टेबलं ठेवायचा कप्पा, ‘पब्लिक’ हा मुळातच मिळणारा.

मी डेटाबेसवर ‘ग्रँट ऑल’, म्हणजे सगळ्या परवानग्या, दिलं होतं हो! पण त्या ‘ऑल’मध्ये स्कीमात टेबल बनवायची परवानगी येतच नाही. पोस्टग्रेस 15 च्या आधी पब्लिक स्कीमा सगळ्यांना खुला असायचा, म्हणून हे कुणाला टोचत नव्हतं. 2022 मध्ये आलेल्या 15 पासून नव्या डेटाबेसमध्ये तिथे टेबल बनवायचा हक्क आपोआप फक्त डेटाबेसच्या मालकाला असतो.

बरं, मग स्कीमावर ग्रँट दिलं. तरी तीच एरर. दुसरी रात्र इथे गेली. कमांड लिहितो त्या प्रॉम्प्टवर जोडलेल्या डेटाबेसचं नाव दिसतं; तिथे ‘पोस्टग्रेस’ लिहिलेलं होतं, ‘नेक्सस’ नाही. म्हणजे मी दुसऱ्याच डेटाबेसच्या पब्लिक स्कीमावर परवानग्या वाटत बसलो होतो. पब्लिक स्कीमा प्रत्येक डेटाबेसचा वेगळा असतो, आणि चुकीच्या ठिकाणी दिलेलं ग्रँटही निमूटपणे यशस्वी होतं. आधी बॅकस्लॅश सी नेक्सस (त्या डेटाबेसला जोडणारी कमांड), प्रॉम्प्ट बदललेला डोळ्यांनी बघा, मगच ग्रँट. सर्चसाठी लागणारं पीजी ट्रायग्रॅम एक्स्टेन्शनही तिथेच बनवायचं. तेही डेटाबेसगणिक असतं. किंवा सरळ डेटाबेस बनवतानाच नेक्ससचा युजर त्याचा ओनर करा. मी आता तेच करतो.

आमच्या सीनिअरचा सल्ला होता, ‘सुपरयुजर करून टाक, झंझट नको.’ म्हणजे नेक्ससच्या युजरला सगळेच अधिकार. असले सल्ले देणाऱ्यापासून चार हात लांब राहा. एरर जाते, पण कळत काहीच नाही.

जोडणी झाल्यावर लॉगिन केलं तर एकही जुनी रेपो (फायलींचा साठा) दिसली नाही आणि पोटात गोळा आला. घाबरू नका. नवा डेटाबेस रिकामाच असतो, नेक्ससच्या पोटातला जुना एम्बेडेड डेटाबेस डिस्कवर तसाच असतो. डेटा आणायला मायग्रेटर वेगळा चालवावा लागतो.

आणि पोस्टग्रेसची कनेक्शन मर्यादा मुळात 100, नेक्ससचा पूलही (त्याने उघडून ठेवलेली कनेक्शन्स) 100 पर्यंत जातो. त्यात पोस्टग्रेसच्या 100 पैकी तीन सुपरयुजरसाठी राखीव. ती मर्यादा आधीच वाढवा. जार फायली (जावाची पॅकेजेस) डेटाबेसबाहेर, ब्लॉब स्टोअर नावाच्या फायलींच्या साठ्यातच राहतात, त्यामुळे नुसत्या डेटाबेसच्या डंपला (काढलेल्या प्रतीला) बॅकअप म्हणू नका.