ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दगडी घरात व्हिडिओ अडखळतो? प्लॅन वाढवण्याआधी या चुका टाळा

मालिका ऐन रंगात आली की पडद्यावर गोल चक्र फिरू लागतं, आणि ग्वाल्हेरमधल्या मराठी घरांत त्यावर एकच उपाय सुचवला जातो: प्लॅन वाढवा. १०० एमबीपीएसचा (हे इंटरनेटच्या वेगाचं माप) २०० करा, २०० चा ३०० करा. माझ्या मते हा पैसा बहुतेक वेळा वाया जातो. नेटफ्लिक्स फुल एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि ४के साठी १५ एमबीपीएस वेग पुरेसा मानतं. म्हणजे १०० च्या प्लॅनवर दोन टीव्ही आणि चार फोन एकदम चालले तरी जागा उरते. तरीही चित्र अडकत असेल, तर अडचण बहुधा राउटर (घरात वायफाय देणारा डबा) आणि टीव्ही यांच्यामधल्या वीस-पंचवीस पावलांत असते.

हे मनावर घेऊन लिहितोय, कारण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरात नवी नाटकं, मालिका, पुण्या-मुंबईच्या बातम्या आता मुख्यतः ॲपमधूनच येतात. मुलं बेंगळुरूला आणि इकडे आजी-आजोबा दोघंच, अशी घरं कितीतरी आहेत. टीव्ही अडला की त्यांची संध्याकाळ रिकामी जाते.

राउटर कोनाड्यात ठेवू नका

दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० साली इथे पडला आणि त्यातून लष्कर वसलं. त्या भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती इथल्याच वालुकाश्माच्या, हात-दीड हात जाड. उन्हाळ्यात त्या घर थंड ठेवतात, पण वायफायच्या लहरी मात्र गिळून टाकतात. त्यात फायबर जोडायला आलेला माणूस जिथून तार आत येते तिथेच, म्हणजे जिन्यापाशी किंवा गच्चीलगतच्या खोलीत, डबा बसवून निघून जातो. मग घरातलं कुणीतरी तो डबा नीटनेटका दिसावा म्हणून भिंतीतल्या कोनाड्यात सरकवतं. आता पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दगड. लहरींना बाहेर पडायला समोरची एकच वाट उरते, आणि तीही लोखंडी कपाटासमोर किंवा मोठ्या आरशासमोर असली तर संपलंच.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण तिच्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. स्वयंपाकघरात काही गरम करायला ठेवलं की बैठकीतलं चित्र अडतं, ते यामुळे. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान आणि मोकळी असते, पण जाड दगडापुढे लवकर हात टेकते. म्हणून राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर टीव्ही ५ वर जोडा. मध्ये एक जाड भिंत असेल तर २.४ वर जोडा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल (म्हणजे त्या पट्ट्यातली एक वाट) १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा निवडा. हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत.

दोन भिंती असतील तर वायफायचा हट्ट सोडून सरळ तार ओढा, हा माझा आग्रहाचा सल्ला. लॅन केबल १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, वायरमन ती कडेकडेने पट्टीतून नेऊन देतो आणि खर्च एकदाच होतो. काहीजण म्हणतात की टीव्हीचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, वायफायवर जास्त वेग दिसतो. पुष्कळ टीव्हींच्या बाबतीत ते खरं आहे. पण ४के ला १५ पुरतात, तेव्हा चढउतार न होणारे १०० हे कधी ३०० तर कधी ४ दाखवणाऱ्या वायफायपेक्षा केव्हाही बरे.

तार शक्य नसेल तर लोक रिपीटर आणतात आणि जिथे सिग्नल पोचतच नाही त्या खोलीत लावतात. रिपीटर जे ऐकतो तेच पुढे सांगतो. त्याला नीट ऐकूच आलं नाही तर तो सांगणार काय? तो राउटर आणि टीव्ही यांच्या मध्यावर, दाराच्या रेषेत हवा. एकच पट्टा वापरणारा साधा रिपीटर वेग साधारण निम्म्यावर आणतो, हेही घेण्याआधी लक्षात असू द्या.

वेग भलत्या जागी मोजणं

राउटरशेजारी उभं राहून फोनवर वेग मोजायचा आणि "येतायत की ९५!" म्हणायचं, याचा काही उपयोग नाही. जिथे बघता तिथेच मोजा. टीव्हीत ब्राउझर असेल तर त्यावर, नाहीतर टीव्हीला अगदी चिकटून धरलेल्या फोनवर, आणि तेही रात्री नऊच्या सुमारास, जेव्हा सगळी गल्ली बघत बसलेली असते. दोन्ही जागचे आकडे शेजारी ठेवले की दोष घरात आहे की बाहेर ते लगेच कळतं.

क्वालिटी हाताने अडकवून ठेवणं

ॲपवरचा व्हिडिओ एका अखंड धारेत येत नाही. काही सेकंदांचे छोटे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जात तयार असतो. वेग घटला की प्लेयर पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा मागवतो. चित्र जरा धूसर होतं, पण थांबत नाही. युट्यूबवर आपण हट्टाने १०८०पी किंवा ४के निवडून ठेवलं की ही सोय आपणच बंद करतो आणि मग चक्र फिरत बसतं. सेटिंग ऑटोवर राहू द्या. सुरुवातीचे काही क्षण चित्र अस्पष्ट असणं हा बिघाड नाही.

फोनवरून टीव्हीवर नेताना

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर दाखवणं म्हणजे मिररिंग, आणि ॲपमधलं कास्टचं चिन्ह दाबणं म्हणजे कास्टिंग. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मिररिंगमध्ये फोन आधी व्हिडिओ मागवतो, उलगडतो, पुन्हा बांधतो आणि मग टीव्हीकडे पाठवतो. फोन तापतो, बॅटरी उतरते, मध्येच फोन आला की टीव्हीवर तोच दिसतो. शिवाय अनेक ॲप चोरी टाळण्यासाठी मिररिंगमध्ये चित्र काळं करतात आणि नुसता आवाज येतो. कास्टिंगमध्ये मात्र टीव्ही स्वतः इंटरनेटवरून व्हिडिओ घेतो, फोन फक्त रिमोटचं काम करतो. जिथे कास्टचं चिन्ह आहे तिथे तेच वापरा. आणि टीव्हीतच ते ॲप असेल तर दोन्ही सोडा, थेट टीव्हीवर उघडा.

कास्टच्या यादीत टीव्ही दिसतच नाही, अशी तक्रार असेल तर आधी फोनचा व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणारं ॲप) बंद करा. मग फोन मोबाइल डेटावर नाही ना, पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर नाही ना, हे बघा. गेस्ट नेटवर्कवरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच व्यवस्था केलेली असते.

प्लॅनही एकदा तपासा. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन टीव्हीसाठी नाहीच. त्यावर टीव्हीशी कितीही झटापट केली तरी फळ नाही.

आता अर्धवट राहिलेला भाग. फोनवर निम्मा बघितला आणि टीव्हीवर पहिल्यापासून सुरू झाला, याचं कारण बहुधा प्रोफाइल. कुठवर बघितलं याची नोंद प्रोफाइलनुसार कंपनीच्या सर्व्हरवर राहते. फोनवर सुनेचं प्रोफाइल आणि टीव्हीवर सासूबाईंचं, तर ती नोंद सापडणार कशी? युट्यूबवर वॉच हिस्ट्री थांबवून ठेवली असेल तरी हेच होतं. डाउनलोड करून गाडीत बघितलेल्या भागाची नोंद फोन पुन्हा इंटरनेटला लागेपर्यंत पुढे जात नाही. ग्वाल्हेरहून भोपाळपर्यंतच्या प्रवासात बघितलं असेल, तर घरी आल्यावर आधी फोनवर ॲप उघडा, मग टीव्हीवर.

भिंतीवरचं बटण

रात्री झोपताना टीव्हीचं मुख्य बटण बंद करण्याची आपल्याकडे पक्की सवय आहे, आणि वीज वरखाली होते तिथे ती चुकीची म्हणणार नाही. पण व्हिडिओ चालू असताना थेट बटण दाबू नका. आधी बॅकने ॲपबाहेर या, रिमोटने टीव्ही बंद करा, मगच बटण. नाहीतर कुठवर बघितलं ती शेवटची नोंद सुटू शकते. पुष्कळ टीव्ही अपडेट रात्री स्टँडबायमध्येच उतरवतात, म्हणून आठवड्यातून एखादी रात्र मुख्य बटण चालू ठेवा. वीज गेल्यावर टीव्हीचं घड्याळ चुकलं तर ॲप सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करू शकत नाही आणि "कनेक्ट होत नाही" एवढंच सांगतं. तारीख-वेळ ऑटोमॅटिक करून टाका.

मे-जूनमध्ये वीज दोन मिनिटांसाठी गेली तरी फायबरचा डबा पुन्हा उभा राहायला वेळ घेतो. त्याला छोटा यूपीएस लावा. फक्त ॲडॅप्टरवर लिहिलेला व्होल्टेज, बहुधा १२ व्होल्ट, जुळवून घ्या.

इंटरनेटचा दोष नसतानाही

टीव्हीत लावायची, ॲप चालवणारी स्टिक टीव्हीच्याच यूएसबी पोर्टवरून चालवली तर वीज अपुरी पडून ती मध्येच रीस्टार्ट होऊ शकते. सोबत आलेला ॲडॅप्टर वापरा. सिनेमात कॅमेरा आडवा फिरताना चित्र हलके झटके देत असेल, तर सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा ६० च्या पडद्यावर बसवताना तसं होतं. सेटिंगमध्ये फ्रेम रेट जुळवायचा पर्याय असेल तर चालू करा. ब्लूटूथ हेडफोनवर ओठ आधी आणि आवाज नंतर येत असेल, तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये लिप सिंक शोधा.

एवढं करूनही राउटरला तारेने जोडलेल्या लॅपटॉपवर वेग कमीच येत असेल, किंवा फायबरच्या डब्यावर एलओएस (सिग्नल तुटल्याची खूण) लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर दोष बाहेरचा आहे. तेव्हा कंपनीला फोन करा आणि तारेवर मोजलेला आकडा व वेळ सांगा. मग "राउटर बंद करून चालू करा" या उत्तरावर तुमची बोळवण होणार नाही.