महागडे हेडफोन घेताना आवाज ऐकता, पण सर्व्हिस कोण देणार ते विचारता का? या चुका टाळा

मागच्या महिन्यात नागपुरात बर्डीवर एक मुलगा भेटला. पहिल्या पगारातून २८ हजाराचे हेडफोन घेतलेले, तीन महिन्यात उजवी बाजू बंद पडली, आणि बिल म्हणून हातात काय तर विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला एक फोटो. दुकानवाला त्याला हात जोडून सांगत होता की भाऊ, हा माल आमचा नाही, कंपनीच्या सिस्टीममध्ये हा सिरीयल नंबरच दिसून नाही राहिला. त्या पोराचा चेहरा पाहून फार वाईट वाटलं, कारण दोन वर्षांपूर्वी मी पण जवळपास असाच उभा होतो. म्हणून हे लिहून राहिलो राजेहो, नीट वाचा आणि घेण्याआधी वाचा.

पहिली चूक : फक्त आवाजाचे रिव्ह्यू पाहणं

आपण महिनाभर व्हिडिओ पाहतो, बेस कसा, साऊंडस्टेज (आवाज किती पसरून ऐकू येतो) कसा, नॉइज कॅन्सलिंग कसं, सगळं पाठ होतं. पण नागपुरात याचं सर्व्हिस सेंटर आहे का, की पार्सल पुण्या-मुंबईला जाणार, पॅड आणि केबल सुट्टे मिळतात का, हे एकदाही विचारत नाही. आणि ही वस्तू तर पाच-सात वर्षं वापरायची असते.

सेनहायझर कंपनीचा एचडी ६०० हेडफोनच पहा. १९९७ चं मॉडेल आहे आणि लोक अजून त्याचं नाव काढतात. आवाज तर आहेच, पण त्याची केबल निघते, पॅड निघतात, हेडबँडची गादी निघते आणि हे सगळं सुट्टं मिळतं. माणूस दहा वर्षांनी पॅड बदलतो आणि वस्तू परत नव्यासारखी वाजते, मग तो दुसरीकडे कशाला जाईल! उलट बेयरडायनॅमिकच्या जुन्या डीटी ७७० प्रोचे पॅड बदलता येतात पण केबल आतून पक्की जोडलेली असते, ती तुटली की सोल्डरिंग करणारा चांगला माणूस शोधा. हेडफोन मजबूत आहे, फक्त ही गोष्ट घेण्याआधी माहीत पाह्यजे.

आणखी एक. लोगो तोच राहतो पण मागची कंपनी बदलू शकते. सेनहायझरचा घरगुती हेडफोनचा धंदा २०२२ मध्ये सोनोव्हा या श्रवणयंत्र बनवणाऱ्या स्विस कंपनीकडे गेला. म्हणून पाच वर्षांपूर्वी मित्राला आलेल्या अनुभवावर जाऊ नका, आज फोन कोण उचलतं ते पहा. मी तर आता पैसे द्यायच्या आधीच कस्टमर केअरला फोन लावतो आणि सरळ विचारतो, नागपूरहून पाठवायचं झालं तर पिकअप तुम्ही करणार का, किती दिवस लागतात, पॅड कितीला पडतात. जो पैसे घेण्याआधी नीट बोलत नाही तो नंतर काय बोलणार.

दुसरी चूक : दोन-चार हजार वाचवायला बिल सोडणं

बाहेरून आलेल्या डबाबंद मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीचा नंबर छापलेला असणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. डब्यावर ते स्टिकर नसेल तर माल कुठल्या वाटेने आला ते समजून जा. पक्कं बिल, त्यावर सिरीयल नंबर, आणि डबा उघडतानाचा व्हिडिओ, एवढं तरी ठेवा. मोठ्या वेबसाइटवर घेत असाल तर वेबसाइटचं नाव पाहून खुश होऊ नका, खाली विक्रेता कोण लिहिलाय ते वाचा आणि तो कंपनीच्या अधिकृत यादीत आहे का ते तपासा.

तिसरी चूक : बिघाड न तपासता पाठवून देणं (माझी स्वतःची)

माझे ३४ हजाराचे वायरलेस होते. चाळीसेक मिनिटं वाजले की उजवी बाजू गायब व्हायची, बंद करून चालू केले की परत ठीक. मी फॉर्मवर लिहिलं ‘उजवीकडून आवाज येत नाही’. १९ दिवसांनी परत आले, सोबत चिठ्ठी, दोष आढळला नाही. त्यांनी पाच मिनिटं वाजवून पाह्यले असतील, त्यात बिघाड दिसणारच नव्हता. दुसऱ्यांदा पाठवले, तेच उत्तर. तिसऱ्यांदा मात्र मी शहाणा झालो, समोर घड्याळ ठेवून पूर्ण ४५ मिनिटांचा व्हिडिओ काढला आणि कितव्या मिनिटाला बंद होतात ते लिहून पाठवलं, तेव्हा कुठे पार्ट बदलला. हेडफोन सुधरले पण त्या तीन महिन्यात एकदाही कोणी स्वतःहून फोन करून सांगितलं नाही की तुमची वस्तू कुठे आहे. आवाज आजही आवडतो त्यांचा, पण त्या कंपनीचं दुसरं काही घरात आलं नाही.

म्हणून पाठवायच्या आधी हे करून पहा. एक बाजू कमी ऐकू येत असेल तर फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डावा-उजवा बॅलन्स पहा, तो सरकलेला असतो आणि आपण हेडफोनला शिव्या देतो. मग दुसऱ्या फोनवर लावा. केबल दोन्हीकडून निघत असेल तर डावीकडची पिन उजवीकडे लावा, बिघाड केबलसोबत सरकला तर केबल गेली, जागेवरच राह्यला तर आतलं काम आहे. आवाज एकूणच बारीक येत असेल तर डब्यावर ओहम (हेडफोनचा विजेला होणारा अडथळा) पहा, २५० किंवा ३०० ओहमचे हेडफोन साध्या फोनवर जोर धरत नाहीत, त्याला अ‍ॅम्प (आवाजाला जोर देणारा डबा) लागतो, तो बिघाड नव्हे. बेस कमी झालाय वाटलं तर पॅड दाबून पहा, ते चपटे झाले किंवा चष्म्याच्या काडीने फट पडली तरी बेस निघून जातो.

आणि घरघर ऐकू आली तर लगेच ड्रायव्हर (आतला आवाज काढणारा पडदा) फाटला समजू नका. माझ्या दुसऱ्या ओपन बॅक (बाहेरून जाळी असलेल्या) हेडफोनमध्ये तबल्याचा डग्गा वाजला की कागद फडफडल्यासारखं व्हायचं. बर्डीवरच्या एका छोट्या दुकानात नेले, काकांनी ना पावती केली ना पैसे विचारले, पॅड काढला, आतला काळा पातळ फोम नखाने उचलला, टेबललॅम्प जवळ ओढला आणि चिमट्याने एक केस बाहेर काढला. माझाच, पांढरा, बोटभर लांब. तो पडद्याला टेकून थरथरत होता एवढंच. परत लावून दिले आणि म्हणले, ऐका आता. दहा मिनिटांचं काम! तिथून मी अ‍ॅम्प घेतला, केबल घेतली, बायकोचे हेडफोन घेतले, आणि किती मित्रांना तिथे पाठवलं ते मोजलं नाही.

चौथी चूक : मे महिन्यात डिक्कीत ठेवणं

आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि आपण हेडफोन गाडीच्या डिक्कीत टाकून ऑफिसला जातो. लिथियम बॅटरीला ही गरमी मारते, पॅडचं कातडं सोलून निघतं, आतला गोंद सुटतो. घाम आत गेला तर सर्व्हिसवाले पाणी गेलंय म्हणून वॉरंटी नाकारतात, आणि पॅड बहुतेक वेळा वॉरंटीत नसतातच. वापरून झाले की कोरड्या फडक्याने पुसा.

पाचवी चूक : फोनवर ओरडणं आणि मग गप्प बसणं

फोनवरच्या पोरीवर ओरडून काही होत नाही, तिच्या हातात नसतं. बोलणं झालं की तेच ईमेलवर लिहा, तक्रार नंबर, तारीख, फोटो, आणि तुम्हाला काय पाह्यजे ते स्पष्ट, दुरुस्ती की बदली की पैसे. ऑनलाइन घेतलं असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासात पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. नाही झालं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला लावा. त्यानेही नाही तर ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे कंपनी दिल्लीची असली तरी तुम्ही नागपुरातच लढू शकता, पाच लाखापर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्या बर्डीच्या पोराला हेच सांगितलं, त्याने तिथेच उभ्या उभ्या १९१५ लावला.

परवा भाच्यासाठी हेडफोन घ्यायचे होते. ऑनलाइन १२०० रुपये कमी दिसून राह्यले होते, तरी काकांकडेच गेलो. त्यांनी डबा उघडायच्या आधी माझ्याच फोनवर व्हिडिओ सुरू करायला लावला, बिलावर सिरीयल नंबर लिहिला आणि पोराला म्हणले, काही वाटलं तर आधी इकडे आण, कुरिअरच्या भानगडीत नको पडू.