बायबलमधील ‘मध्यरात्र’ कशी वाचावी

नवापूर किंवा साक्रीकडच्या एखाद्या पाड्यावर रात्रीच्या प्रार्थनासभेत ‘मध्यरात्र’ या विषयावर बोलायचे झाले, की पुष्कळ वक्ते आधी घड्याळाचे बारा वाजवतात आणि मग ‘अंधार म्हणजे संकट’ असे समीकरण मांडून मोकळे होतात. उतारे नीट वाचायचे असतील तर ही दोन्ही गृहीतके बाजूला ठेवावीत.

आरंभ कालगणनेपासून करावा. इस्राएली लोकांचा सणाचा दिवस संध्याकाळी सुरू होत असे (लेवीय २३:३२). त्यामुळे मध्यरात्र ही तारीख बदलण्याची घटका नव्हती, ती केवळ रात्रीचा मध्य होती. जुन्या करारात रात्रीचे तीन प्रहर मानले जात, म्हणूनच इस्राएलचा पुढारी गिदोन ‘मधल्या प्रहरा’च्या आरंभी शत्रूच्या छावणीपाशी पोहोचतो (शास्ते ७:१९). नव्या करारात रोमी पद्धतीचे चार प्रहर येतात; संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ आणि सकाळ असा त्यांचा क्रम मार्क १३:३५ मध्ये आहे. मराठीतही रात्रीचे प्रहर चारच असल्याने मार्कचे वचन आपल्याला सहज उमगते, आणि याच सवयीमुळे गिदोनाच्या कथेतला ‘मधला’ प्रहर कोणता, असा पेच पडतो.

त्यानंतर प्रत्येक उताऱ्याला एकच प्रश्न विचारावा: या घटकेला कोण जागे आहे आणि कशासाठी? निर्गम १२ हा अध्याय या प्रश्नासाठी सर्वांत समृद्ध आहे. मध्यरात्री मिसर देशात सिंहासनावरील फारो राजापासून अंधारकोठडीतील बंदिवानापर्यंत सर्वांचे ज्येष्ठ पुत्र मरतात. त्याच रात्री इस्राएली कुटुंबे, दाराच्या चौकटीला कोकराचे रक्त लावून, कंबर कसून, पायांत जोडे आणि हातात काठी घेऊन घाईने जेवतात, आणि सकाळपर्यंत कोणी उंबरठा ओलांडायचा नाही अशी त्यांना आज्ञा असते. एकाच घटकेला एका घरी आकांत आणि दुसऱ्या घरी सुटका आहे. तेव्हा अर्थ अंधारात नसून तो दारावरील खुणेत शोधावा.

प्रत्येक ठिकाणी प्रतीक शोधू नये. रूथ ३:८ मध्ये धान्याच्या राशीपाशी निजलेला बवाज मध्यरात्री दचकून उठतो. खळ्यावर दादर ज्वारीची रास राखणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. स्तोत्र ११९:६२ मात्र वेगळे आहे. रात्रीच्या विजेवर केळीला पाणी द्यायला रावेरचा शेतकरी उठतो तो नाइलाजाने, तर स्तोत्रकर्ता उपकारस्तुतीसाठी आपण होऊन उठतो.

लूक ११:५ मधील, मध्यरात्री मित्राच्या दारी तीन भाकरी मागणाऱ्याचा दाखला लहान घरात राहणाऱ्यांना लगेच भिडतो, कारण मुले शेजारी निजलेली असताना दार उघडणे म्हणजे सारे घर उठवणे. येथे देव हा कुरकुरणाऱ्या मित्रासारखा आहे, असा अर्थ काढणे चूक ठरेल. कुरकुरणारा माणूसही आग्रहापुढे उठतो, तर स्वर्गीय पिता कितीतरी अधिक देईल, असा तो युक्तिवाद आहे. मत्तय २५ मधील, दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींबाबतही असाच घोटाळा होतो. झोप दहाही जणींना लागते, पण मध्यरात्री हाक येते तेव्हा पाच जणींजवळ जादा तेल नसते. त्यामुळे दोष झोपेला देऊ नये.

वेळ थोडा असेल तर निर्गम १२ नंतर थेट प्रेषितांची कृत्ये १६:२५ वाचावे. फिलिप्पै शहराच्या तुरुंगात पाय खोड्यात अडकवलेले ख्रिस्ती प्रचारक पौल आणि सीला मध्यरात्री स्तोत्रे गातात, इतर बंदिवान ती ऐकतात, भूकंप होतो आणि दारे उघडतात. निर्गमात दार बंद ठेवण्याची आज्ञा होती. येथे दारे उघडूनही कोणी पळत नाही, उलट तुरुंगाचा अधिकारी त्याच रात्री त्यांच्या जखमा धुतो. ही दोन दारे श्रोत्यांपुढे शेजारीशेजारी ठेवावीत आणि भाष्य आखडते घ्यावे.