‘काइंड ऑफ ब्लू’ची नवी रेकॉर्ड खालच्या सुरात वाजतेय? वेगाला हात लावण्याआधी या चुका टाळा

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमची नवी ऑडिओफाइल (आवाजाच्या दर्जावर भर देणारी) आवृत्ती मी मोठ्या हौसेनं आणली. कित्येक वर्षं ऐकलेली जुनी प्रत घरात होतीच. नवी लावली, ‘सो व्हॉट’मधला बास सुरू झाला आणि कानाला खटकलं, सूर खाली वाटत होता. बेल्ट सैल पडला असणार असं धरून मी टर्नटेबलचा स्क्रू फिरवला आणि वेग वाढवला. आता नवी रेकॉर्ड जुनीसारखी वाजू लागली. मग बाजू उलटली, तर ‘ऑल ब्लूज’ चढं!

दोष मशीनचाच होता, पण माझ्या नव्हे. हा अल्बम न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या 30व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाला, 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959. पहिल्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की सूर चढतो. त्या दिवशी झालेली ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’ म्हणजे अख्खी पहिली बाजू. दुसरी बाजू एप्रिलमधली, ती बिनचूक. 1992च्या आवृत्तीसाठी त्याच दिवशी दुसऱ्या मशीनवर भरलेली सेफ्टी टेप, म्हणजे राखीव प्रत, वापरली, तेव्हा कुठे पहिली बाजू खऱ्या सुरात आली. तोवर तीसहून अधिक वर्षं लोक चढी पहिली बाजूच ऐकत होते, आणि तिच्याबरोबर वाद्य घेऊन बसणारे आपलं वाद्य तपासत होते.

म्हणून वेगाला हात लावण्याआधी दोन्ही प्रतींची दुसरी बाजू एकाच टर्नटेबलवर ऐका. ती दोन्हीकडे सारखी आणि फक्त पहिली बाजू खाली वाटत असेल, तर नवी रेकॉर्ड बरोबर आहे. जुनी प्रत नसेल तर फोनवरचा तानपुरा पांढरी दोनवर लावा. ‘सो व्हॉट’ची मुख्य धून आपल्या काफी थाटाच्या स्वरांत आहे आणि तिचा सा पांढरी दोन. मधल्या आठ मात्रागटांपुरती तीच धून काळी दोनवर जाते आणि परत येते, तेवढा भाग सोडून द्या. दुरुस्त आवृत्तीत सुरुवातीची धून तानपुऱ्यात मिसळते. जुन्या प्रतीत ती पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्येच कुठेतरी राहते.

सूर दोन्ही बाजूंना खाली असेल, तर मात्र टर्नटेबल बघा. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून जुनं टर्नटेबल आलं असेल तर हे हमखास घडतं. तिथली वीज 60 हर्ट्‌झची, आपली 50ची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळतं, फ्रीक्वेन्सी जुळत नाही. विजेच्या फ्रीक्वेन्सीवर फिरणारी एसी मोटर असेल तर 33⅓ फेऱ्यांऐवजी साधारण 28 होतात आणि पांढरी दोनचा सा पांढरी सातपर्यंत घसरतो. त्याला 50 हर्ट्‌झची पुली (मोटरवरचं बेल्ट फिरवणारं चाक) लागते, नव्या बेल्टनं काही होत नाही. डीसी मोटरच्या मशीनला हा त्रास नाही. वेग मोजायला स्ट्रोब चकती (बल्बच्या उजेडात, वेग बरोबर असला की जिच्या रेघा स्थिर दिसतात ती) वापराल तर 50 हर्ट्‌झची, म्हणजे 33⅓साठी 180 रेघांची घ्या. काही आवृत्त्या 45च्या वेगाच्या दोन रेकॉर्डमध्ये येतात. बऱ्याच बेल्टवाल्या मशीनवर त्यासाठी बेल्ट हातानं पुलीच्या मोठ्या पायरीवर चढवावा लागतो, तो राहिला तरी सूर खाली जातो.

सूर एकसारखा खाली नसून हेलकावत असेल तर गोष्ट निराळी. ‘ब्लू इन ग्रीन’मध्ये बिल एव्हान्सच्या पियानोचा लांबलेला स्वर ऐका. तो दर 1.8 सेकंदांनी वरखाली होत असेल, म्हणजे 33⅓च्या एका फेरीला एकदा, तर मधलं भोक केंद्रावर नाही. वरून पाहिलंत तर टोनआर्म डावी-उजवीकडे डुलताना दिसेल. यावर घरचा इलाज नाही, रेकॉर्ड बदलून घ्या. खरखर 1.8 सेकंदांनी येत असेल तर तीही रेकॉर्डचीच. सुरुवातीच्या शांत पियानोमागे अखंड ऐकू येणारी मंद सळसळ मात्र बहुतेक वेळा मूळ टेपची असते, तिच्यासाठी रेकॉर्ड परत करू नका.

पॉल चेंबर्सचा बास जवळजवळ ऐकूच येत नसेल आणि सगळंच किरटं वाटत असेल, तर टर्नटेबल फोनो प्रीअॅम्पशिवाय (सुईचा क्षीण सिग्नल वाढवून बास भरून काढणाऱ्या भागाशिवाय) जोडलं आहे. उलट, आवाज बोजड आणि फाटका येत असेल तर प्रीअॅम्प दोनदा लागलाय, एक टर्नटेबलमधला आणि एक अॅम्प्लिफायरमधला. एक बंद करा.

डेव्हिसचा म्यूट (आवाज दाबणारी टोपी) लावलेला ट्रम्पेट हीच या अल्बमवर सुईची खरी परीक्षा. ‘ब्लू इन ग्रीन’ आणि ‘फ्लॅमेन्को स्केचेस’ दोन्ही आपापल्या बाजूच्या शेवटी, लेबलजवळच्या अरुंद वळणांवर येतात. तिथे ट्रम्पेट कर्कश झाला तर बहुतेक जण रेकॉर्डला दोष देतात. आधी कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) मांडणी आणि सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन तपासा. कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात 1.8 ते 2.2 ग्रॅम लिहिलं असेल तर 2 ठेवा. कमी वजनानं रेकॉर्ड झिजत नाही हा समज खोटा आहे. हलकी सुई खाचेत उडते आणि भिंती खरवडते, आणि तो ओरखडा कायमचा.

आता खरेदीचं. 180 ग्रॅम हा आकडा प्लास्टिकचं वजन सांगतो, आवाजाचा दर्जा नाही. युरोपमध्ये 1959च्या या ध्वनिमुद्रणाचं संरक्षण 2009अखेर संपलं, त्यामुळे मूळ टेपशी काहीही संबंध नसलेल्या रेकॉर्डही तिथे कायदेशीरपणे निघतात. टेप कोणती आणि मास्टरिंग (टेपवरून रेकॉर्डसाठी अंतिम आवाज तयार करणं) कोणाचं हे कव्हरवर लिहिलेलं नसेल तर मी पैसे घालत नाही.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात मऊ पीव्हीसीच्या बाहेरच्या पिशवीत रेकॉर्ड ठेवू नका. आत ओल अडकते, कव्हरला बुरशी येते, आणि त्या प्लास्टिकमुळे विनाइलवर धुरकट थरही बसतो. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घ्या, तिचं तोंड उघडं ठेवा, रेकॉर्ड उभ्या लावा. आणि अल्कोहोलचं क्लीनर विनाइलसाठी आणलं असेल तर त्यानं आजोबांच्या नाट्यसंगीताच्या 78च्या तबकड्या पुसू नका. त्या लाखेच्या असतात, अल्कोहोलनं लाख विरघळते.