जुन्या गाडीचं कूलंट कमी होतंय? नुसतं पाणी ओतत राहू नका, या चुका टाळा

आमची डिझेल गाडी २००८ ची, रत्नागिरीजवळ खाडीकाठी उभी असते. मागच्या पावसाळ्यात दर आठवड्याला टाकीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) टाकीवरच्या 'मिन' म्हणजे कमीत कमी लेव्हलच्या खुणेखाली जायचं आणि मी बाटलीभर पाणी ओतून निघायचो, दीड महिना हेच चाललं. सगळ्यात मोठी चूक हीच. कूलंट काही डिझेलसारखं जळून संपत नाही, लेव्हल सारखी खाली जातेय म्हणजे ते कुठूनतरी बाहेर पडतंय नाहीतर इंजिनच्या आत जातंय. त्यात आमच्याकडे खाडीजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ, ते आत गेलं की गंज धरतो. रस्त्यात अडलात तर काय मिळेल ते पाणी टाका आणि गाडी घरी आणा, पण नंतर ते काढून कंपनीने सांगितलेलंच कूलंट भरा.

दुसरी चूक म्हणजे खाली थेंब दिसत नाही म्हणून लीक नाही असं धरून चालणं. अहो, पावसात खळं म्हणजे अंगण आधीच ओलं, जांभ्यावर दिसणार काय? पडवीत किंवा शेडमध्ये गाडीखाली रात्रभर कोरडा पुठ्ठा टाका. एसीचं पाणी असेल तर स्वच्छ, बिनवासाचं असतं, कूलंट हिरवं किंवा गुलाबी, बोटांत धरलं तर बुळबुळीत लागतं आणि गोडूस वास येतो. ते विषारी आहे, चाखायचं नाही, आणि कुत्री-मांजरं ते चाटू शकतात, तेव्हा सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा.

पण बारीक लीक गरम इंजिनवरच वाळून जातो, खाली पडतच नाही. आमचं तेच होतं. इंजिन थंड असताना टॉर्च घेऊन बघितलं तर खालच्या होस पाईपच्या क्लिपभोवती पांढरट-हिरवट थर, मिठागरात कडेला जमतो तसा, आणि क्लिपला बोट लावलं तर गंजाचा पापुद्राच हातात आला. खारी हवा क्लिपा अशा खाते. तरी फिटरने पंप लावून रेडिएटरला प्रेशर दिलं तेव्हाच थेंब दिसला, थंड गाडीत नुसतं बघून कळलं नसतं. ही प्रेशर टेस्ट आधी करून घ्या, अंदाजाने पार्ट बदलत बसू नका. टेस्ट करताना रेडिएटरची कॅपपण तपासायला सांगा, तिचं रबर कडक झालं की तिथूनही जातं.

गरम गाडीची कॅप उघडू नका, कितीही घाई असू दे! आत साधारण १ बार प्रेशर असतं, त्यामुळे पाणी १०० अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही, पण कॅप सुटली की एकदम उसळून तोंडावर येतं. आंबा घाटात गाडी तापली तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि तासभर थांबा. लगेच थंड पाणीही ओतू नका, तापलेल्या हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. आणि नुसत्या तापमानाच्या काट्यावर भरवसा नको, कूलंट फारच कमी झालं तर सेन्सरभोवती हवाच राहते आणि काटा खोटं सांगतो.

पावसाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून थोडा पांढरा धूर आला की लोक गॅस्केट (हेडखालचं सील) उडालं, कूलंट इंजिनच्या आत जातंय म्हणून घाबरतात. तो ओलाव्याचा असतो, गाडी गरम झाली की जातो. धूर थांबतच नसेल आणि गोड वास येत असेल, डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल दुधाळ दिसत असेल किंवा थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटाभरात होस दगडासारखा कडक होत असेल, तर मात्र गाडी चालवू नका, टो करूनच न्या.

हळद किंवा लीक बंद करायची पावडर रेडिएटरमध्ये टाकायचा सल्ला कोणीतरी देतंच, पण त्याने बारीक नळ्या चोंदतात आणि पुढे रेडिएटरच बदलावा लागतो.

काम झाल्यावर सिस्टीममधली हवा काढून घेतली का ते विचारा. टाकीवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी थंड गाडीत बघा. पहिल्या एकदोन दिवसांत उरलेली हवा निघून लेव्हल थोडी उतरेल, त्यानंतरही उतरत राहिली तर वॉटर पंपाखालचं छोटं भोक बघायला सांगा, तिथे ओल किंवा डाग असेल तर पंपाचं सील गेलंय.