घरातला जुना टॅबलेट वर्षानुवर्षे वापरात कसा ठेवावा

आमच्या घरात टॅबलेट २०१३ साली आला. मुलांनी त्यावर अक्षरे गिरवली, पुढे अभ्यासाचे व्हिडिओ पाहिले आणि त्यांच्या हाती फोन आल्यावर तो दोन वर्षे कपाटात पडून राहिला. आता तो सासूबाईंच्या उशाशी असतो. त्या त्यावर मोठ्या अक्षरांत पुस्तके वाचतात आणि झोपण्यापूर्वी गाणी ऐकतात. तो पुन्हा वापरात आणताना जे शिकावे लागले ते येथे मांडत आहे. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगते: जुन्या टॅबलेटकडून सगळी कामे करून घेण्याचा हट्ट सोडून त्याला दोन-तीन ठरावीक कामे नेमून दिली, तर तो अनेक वर्षे समाधानकारक चालतो. ती कामे कोणती हे सर्वांत आधी ठरवावे, कारण बॅटरी, साठवण आणि सुरक्षितता यांविषयीचे पुढचे बहुतेक निर्णय त्यावरच अवलंबून असतात.

चार्जिंगला लावण्यापूर्वी

बरेच दिवस पडून असलेला टॅबलेट हाती घेताच चार्जरला जोडू नये. तो सपाट टेबलावर ठेवावा, कव्हर असल्यास काढावे आणि डोळे टेबलाच्या पातळीवर आणून चारही कडा नीट पाहाव्यात. काच एखाद्या कडेला उचललेली दिसली, मागचे झाकण फुगीर वाटले किंवा बोट ठेवताच टॅबलेट डुगडुगला, तर आतली बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी असते. आमच्या टॅबलेटची काच उजव्या बाजूला जेमतेम नखभर वर आली होती आणि स्क्रीन लागल्यावर त्या फटीतून प्रकाशाची बारीक रेघ बाहेर पडत होती. गोंद सुटला असेल असे समजून मी ती काच अंगठ्याने दाबून बसवायला गेले. तसे कोणीही करू नये. लिथियम-आयन बॅटरीतली रसायने वयाने आणि उष्णतेने विघटित होत जातात, त्यातून वायू तयार होतो आणि बॅटरीचे बंद पाकीट फुगते. ते दाबले किंवा टोचले गेले तर आतले थर एकमेकांना भिडून आग लागू शकते.

असा टॅबलेट ताबडतोब बंद करावा, पुन्हा चार्ज करू नये, कागद-कपड्यांपासून दूर ठेवावा आणि जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडे सोपवावा. बहुतेक टॅबलेटमध्ये बॅटरी चिकटवलेली असते आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी काच तापवून उघडावी लागते, त्यामुळे हे काम घरी करण्याचा सल्ला मी देणार नाही. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणीच द्यावी. बॅटरी बदलण्याचा खर्च करावा की नाही, हा प्रश्न पडतोच. काच आणि स्पर्श शाबूत असतील आणि नेमून द्यायचे काम खरोखर ठरलेले असेल, तर माझ्या मते तो खर्च सार्थकी लागतो. काम ठरलेले नसेल तर नवी बॅटरीही कपाटातच जुनी होते.

बॅटरी फुगलेली नसूनही टॅबलेट सुरू होत नसेल तर धीर धरावा. पूर्ण उतरलेली बॅटरी चार्जरला जोडल्यावर काही वेळ स्क्रीनवर काहीच दिसत नाही, म्हणून अर्धा-एक तास वाट पाहावी. चार्जरही पाहून घ्यावा. पहिल्या आयपॅडसोबत १० वॅटचा चार्जर येत असे, तर त्या काळच्या अनेक फोनचे चार्जर ५ वॅटचे होते. अशा लहान चार्जरवर टॅबलेट लावून स्क्रीन चालू ठेवली, तर चार्ज वाढण्याऐवजी उतरतही जातो आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो. केबल बदलून पाहावी. त्यानंतर टॅबलेट बंद करून चार्जिंगच्या खाचेत विजेरीचा प्रकाश टाकावा. आमच्या खाचेच्या तळाशी धुळीचा आणि कपड्यांच्या तंतूंचा राखाडी गठ्ठा नमद्यासारखा घट्ट बसला होता. लाकडी दातकोरणीने तो हलक्या हाताने उपसून काढल्यावर केबलची पिन प्रथमच पूर्ण आत गेली आणि ‘सैल चार्जिंग’ची तक्रार तिथेच संपली. या कामासाठी सुई, टाचणी किंवा धातूची कोणतीही वस्तू वापरू नये.

बॅटरीचे आयुष्य कशाने वाढते

लिथियम-आयन बॅटरीला दोन्ही टोके सोसत नाहीत: शंभर टक्क्यांवर दीर्घकाळ राहणेही नाही आणि शून्यापर्यंत उतरणेही नाही. रोजच्या वापरात चार्ज साधारण २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहिले, तर झीज बरीच मंदावते. महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवावी ही सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली आहे. इथे तिचा उपयोग नाही, उलट नुकसान आहे. आयपॅडची बॅटरी १००० पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता राखील अशी बनवलेली असते, असे ॲपल सांगते. येथे आवर्तन म्हणजे चार्जर लावण्याची वेळ नव्हे. एके दिवशी निम्मी बॅटरी वापरली आणि दुसऱ्या दिवशी निम्मी, तर दोन्ही मिळून एक आवर्तन होते. म्हणून थोडे-थोडे चार्ज केल्याने आवर्तने वाया जातात ही भीती बाळगू नये.

उष्णता हा याहून मोठा शत्रू आहे. ऊन येणारी खिडकी, बंद मोटार, उशीखालची जागा आणि जाड कव्हरमध्ये गुंडाळून केलेले चार्जिंग या चार गोष्टी टाळल्या तरी पुष्कळ साधते. टॅबलेट भिंतीवर किंवा कपाटावर फोटोची चौकट म्हणून कायम चार्जरला जोडून ठेवण्याची कल्पना अनेकांना आवडते, पण भरलेली बॅटरी आणि सततची ऊब यांचा हा सर्वांत वाईट मेळ आहे. तसेच वापरायचे असेल तर सेटिंग्जमध्ये चार्जिंगची कमाल मर्यादा ठरवण्याची सोय आहे का ते पाहावे. ती जुन्या टॅबलेटवर बहुधा नसते. अशा वेळी चार्जर वेळ लावता येणाऱ्या सॉकेटवर जोडावा आणि दिवसातून ठरावीक एक-दोन तासच वीज मिळेल अशी व्यवस्था करावी. कडा पाहण्याची तपासणीही दर महिन्याला करावी.

काही महिने वापरायचाच नसेल तर टॅबलेट ५० टक्क्यांच्या आसपास चार्ज करून, पूर्ण बंद करून, ३२ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाच्या कोरड्या जागी ठेवावा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणावा.

मंद का होतो

टॅबलेटची साठवण फ्लॅश मेमरीची असते. तिच्यावर जुन्या मजकुरावर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही; आधी मेमरीचा एक अख्खा ठोकळा (ठरावीक आकाराचा भाग) पुसावा लागतो आणि मग लिहावे लागते. मोकळी जागा भरपूर असते तोवर हे काम पडद्याआड उरकते, पण साठवण काठोकाठ भरली की प्रत्येक लहान लेखनासाठी आतली हलवाहलव करावी लागते आणि स्पर्शाला प्रतिसाद उशिरा मिळू लागतो. २०१२ सालचा गूगलचा नेक्सस ७ टॅबलेट काही महिन्यांच्या वापरानंतर अडखळतो, अशी तक्रार त्या काळी सर्रास होती. कोणते ठोकळे रिकामे झाले हे मेमरीला कळवण्याची सोय २०१३ सालच्या अँड्रॉइड ४.३ मध्ये आली, तेव्हा ती तक्रार कमी झाली. ही साफसफाई टॅबलेट चार्जरला जोडलेला आणि स्वस्थ असताना होते, त्यामुळे अधूनमधून त्याला तसा निवांतपणा मिळू द्यावा. निदान एक पंचमांश जागा मोकळी ठेवावी, असे मी माझ्या अनुभवावरून सांगेन. फोटो आणि व्हिडिओ आधी दुसरीकडे उतरवावेत, ते तिथे उघडतात याची खात्री करावी आणि मगच टॅबलेटवरून पुसावेत.

अँड्रॉइडवर आणखी एक साधा उपाय आहे. सेटिंग्जमधल्या माहितीच्या पानावर ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की विकसकांसाठीचे पर्याय दिसू लागतात, तिथे ॲनिमेशनचे, म्हणजे स्क्रीनवरील हालचालींच्या कालावधीचे, तिन्ही आकडे निम्म्यावर आणावेत किंवा बंद करावेत. आयपॅडवर हालचाल कमी करण्याचा पर्याय सुलभतेच्या सेटिंग्जमध्ये असतो.

फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळे पुसून टॅबलेट नव्यासारखा कोरा करणे, हा उपाय सगळेच सुचवतात. माझे म्हणणे मात्र असे आहे की फार जुन्या टॅबलेटवर तो घाईने करू नये. आज चालत असलेले एखादे ॲप रीसेटनंतर पुन्हा मिळेलच असे नाही, कारण त्याच्या नव्या आवृत्त्या जुन्या प्रणालीवर (टॅबलेट चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर) चालत नाहीत. ॲपलच्या ॲप स्टोअरमधून त्याच खात्यावर पूर्वी घेतलेल्या ॲपची शेवटची चालणारी आवृत्ती अनेकदा मिळते, पण निर्मात्याने ती काढून घेतली असेल तर तीही मिळत नाही. आणि आयओएस या आयपॅडच्या प्रणालीच्या २०१७ मधल्या ११ व्या आवृत्तीपासून ३२ बिटची, म्हणजे जुन्या धाटणीची, ॲप चालणेच बंद झाले. म्हणून नेमून दिलेल्या कामाची ॲप जागेवर असतील आणि बरी चालत असतील, तर नको असलेली तेवढी एक-एक करून काढावीत आणि रीसेटच्या वाटेला जाऊ नये. रीसेट करायचाच ठरला, तर आधी बॅकअप घ्यावा, खात्याचा पासवर्ड चालतो हे तपासावे आणि टॅबलेटवरील खाते सेटिंग्जमधून काढून टाकावे. अँड्रॉइड ५.१ पासून आणि आयओएस ७ पासून चोरीविरुद्धचे कुलूप असते. जुने खाते न काढता, विशेषतः बटणे दाबून रीसेट केले, तर नंतर त्याच खात्याचा पासवर्ड मागितला जातो. तो कोणालाच आठवत नसेल तर चांगला टॅबलेट निरुपयोगी होऊन बसतो.

अपडेट थांबल्यावर

प्रणालीचे अपडेट थांबले म्हणून टॅबलेट बंद पडत नाही, मात्र त्याच्यावर काय सोपवावे हे बदलते. २०११ चा आयपॅड २ आयओएस ९ च्या पुढे गेला नाही, अँड्रॉइड ४.४ साठीचा गूगल प्ले सर्व्हिसेसचा (अनेक ॲप ज्यावर चालतात त्या गूगलच्या सेवांचा) आधार २०२३ मध्ये संपला. अशा टॅबलेटवर बँकेचे व्यवहार करू नयेत, कार्डाची माहिती साठवू नये आणि ज्या मुख्य ईमेलवर इतर सगळे पासवर्ड बदलून मिळतात तो तर मुळीच उघडून ठेवू नये. त्याच्यासाठी वेगळे खाते काढावे, ज्यात गमावण्यासारखे काही नसेल. राउटरवर पाहुण्यांसाठी स्वतंत्र वायफायची सोय असेल तर टॅबलेट त्यावरच जोडावा. एरवी न मिळणारे ॲप अनोळखी संकेतस्थळावरून उतरवून घेण्याचा मोह होतो, तो आवरावा.

वेबपाने उघडत नाहीत आणि ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येतो, तेव्हा प्रथम तारीख आणि वेळ पाहावी. बॅटरी पूर्ण उतरून राहिलेल्या टॅबलेटचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असू शकते आणि त्या तारखेला संकेतस्थळांची आजची प्रमाणपत्रे (संकेतस्थळ खरे असल्याचे डिजिटल दाखले) वैध ठरत नाहीत. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल, तर ज्यांच्या आधारे हे दाखले तपासले जातात ती प्रणालीतली मूळ प्रमाणपत्रेच जुनी झालेली असतात. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेची प्रमाणपत्रे असंख्य संकेतस्थळे वापरतात, आणि तिच्या स्वतःच्या मूळ प्रमाणपत्रावर अँड्रॉइड ७.१.१ आणि आयओएस १० पासूनच विश्वास ठेवला जातो. अँड्रॉइडवरचा फायरफॉक्स हा ब्राउझर मूळ प्रमाणपत्रांची स्वतःची यादी बाळगतो, त्यामुळे तो बसत असेल तर ही अडचण बरीचशी सुटते. राउटर नवा घेतल्यावर टॅबलेट वायफायला जोडलाच जात नसेल, तर राउटरची सुरक्षा केवळ डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर ठेवलेली आहे का ते पाहावे. आधीची डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ अशी मिश्र ठेवली की जुनी उपकरणे जोडली जातात. पुष्कळ जुने टॅबलेट फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच चालतात, तेव्हा तो पट्टाही चालू असावा.

लिनिएजओएससारखी पर्यायी प्रणाली बसवून काही अँड्रॉइड टॅबलेटना नवी आवृत्ती देता येते. आपले नेमके मॉडेल त्यांच्या अधिकृत यादीत असेल तरच त्या वाटेने जावे. बूटलोडर (टॅबलेट सुरू होताना प्रणाली चालू करणारा, कुलूपबंद प्रोग्राम) उघडताना सगळी माहिती पुसली जाते आणि पायरी चुकली तर टॅबलेट सुरूच न होण्याचा धोका असतो, हे स्वीकारूनच हात घालावा.

काम नेमून देणे

इंटरनेटवर कमीत कमी अवलंबून असलेली कामे जुन्या टॅबलेटला सर्वांत मानवतात. आम्ही पुस्तकांच्या फाइल आणि गाणी थेट टॅबलेटवर उतरवून ठेवली, पहिल्या पानावर दोनच चिन्हे ठेवली, अक्षरे मोठी केली आणि सूचना बंद केल्या. दुसऱ्या ॲपमध्ये चुकून जाणे टाळायचे असेल तर आयपॅडवर आयओएस ६ पासून ‘गायडेड ॲक्सेस’ आहे आणि अँड्रॉइडवर ५.० पासून स्क्रीन एकाच ॲपवर खिळवून ठेवण्याची सोय आहे. लहान मुलांसाठी आणि वयस्कर माणसांसाठी ती सारखीच उपयोगी पडते. सासूबाई पूर्वी चुकून सेटिंग्जमध्ये जात आणि ‘मी काहीतरी बिघडवले’ म्हणून टॅबलेट खाली ठेवून देत. ही सोय लावल्यापासून त्या निर्धास्तपणे पाने उलटतात.

काच पुसताना टॅबलेट बंद करून मऊ, किंचित ओलसर मायक्रोफायबरचे फडके वापरावे. द्रव काचेवर थेट फवारू नये, आणि काच साफ करण्याच्या तीव्र द्रावणांनी बोटांचे डाग न धरणारा वरचा थर निघून जातो.

एक काम मी सर्वांत शेवटी केले, खरे तर ते पहिल्याच दिवशी करायला हवे होते. कव्हरच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. त्यावर टॅबलेटचे मॉडेल, चार्जर किती वॅटचा, बॅटरी कोणत्या महिन्यात बदलली आणि कडा शेवटच्या कधी तपासल्या एवढे लिहिले आहे. पासवर्ड मात्र त्यावर नाही, तो घरातल्या कागदपत्रांच्या वहीत आहे. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी धाकटा मुलगा टॅबलेट जेवणाच्या टेबलावर ठेवतो, हनुवटी टेबलाला टेकवून चारही कडा पाहतो आणि त्या कागदावर नवी तारीख घालतो.